गोड्या पाण्यातली लोखंडी बोट: मॅग्नेशियम बसवलं, पण −०.६४ हलेना

लोखंडी बूड गंजू नये म्हणून त्याला अ‍ॅनोड लावतात, म्हणजे बुडाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. जस्ताचे काढून दीड-दीड किलोचे दोन मॅग्नेशियम अ‍ॅनोड लावले, तरी बुडाचं रीडिंग −०.६४ व्होल्टवर ढिम्म; संरक्षणासाठी ते −०.८५ च्या पलीकडे हवं. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरा थर धरून ते निष्क्रिय होतं, म्हणून तर हा बदल होता.

पहिला संशय मोरचुदाच्या इलेक्ट्रोडवर, कारण रीडिंग त्याच्याच तुलनेत घेतलं जातं. द्रावण संपृक्त, तळाशी न विरघळलेले खडे, लाकडी बूच ओलं; ताज्या भरलेल्या दुसऱ्या इलेक्ट्रोडशी फरक जेमतेम ३ मिलिव्होल्ट. तो निर्दोष. मग टोक सोडून पूर्ण इन्सुलेट केलेली प्रोब पाण्यातल्या अ‍ॅनोडवर टेकवली आणि दुसरी बोटीच्या पत्र्याला. ०.८९ व्होल्ट! जोड धड असेल तर इथे जवळजवळ शून्य यायला हवं. मॅग्नेशियम एकटंच −१.५३ वर बसलं होतं, बोटीशी संबंधच नव्हता.

अ‍ॅनोड उतरवल्यावर कारण दिसलं: अ‍ॅनोडच्या पोलादी पट्टीखाली इपॉक्सी रंगाचा अखंड, चकचकीत थर, आणि बोल्टच्या आट्यांतही तोच. दोन महिने बुडाखाली राहूनही अ‍ॅनोडच्या कडा नव्यासारख्या धारदार होत्या. न झिजलेला अ‍ॅनोड ही वाईट बातमी असते.

पट्टी आणि तिची जागा ग्राइंडरने पांढऱ्या धातूपर्यंत घासली, आटे साफ केले, दातेरी वॉशर घालून आवळलं. रंग नंतर, फक्त जोडाच्या कडेला. अ‍ॅनोडवर रंगाचा थेंबही नको. घेताना पोलादी पट्टी आत ओतलेलाच घ्या; नुसतं भोक पाडलेल्यात बोल्टभोवतीचा धातू झिजला की जोड सैल पडतो.

तासाभरात मागची बाजू −०.७८, तिसऱ्या दिवशी −०.९३. −०.८५ ओलांडल्याचं समाधान मोठं आहे! नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, मात्र −०.७६ च. गोड्या पाण्याचा रोध जास्त, त्यामुळे प्रवाह लांब पोचत नाही.

नाळेवर तिसरा अ‍ॅनोड वेल्ड करायचं ठरलं होतं, पण लिहिता लिहिता वाटतंय, बोट उभी असताना इन्सुलेटेड केबलने लटकवलेला अ‍ॅनोड बरा: केबलचा बोटीकडचा जोड पाण्याच्या वर, मध्ये ०.१ ओहमचा शंट, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठीचा छोटा रोध. त्यावर ४ मिलिव्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. किलोला साधारण १२३० अँपिअर-तास धरले तर दीड किलो, ८५ टक्के वापरून, साडेचार वर्षं पुरेल. रीडिंग −१.१ च्या खाली जाऊ लागलं तर केबलमध्ये रोध वाढवायचा, नाहीतर हायड्रोजनमुळे रंगाला फोड येतात. वेल्ड केलेल्या अ‍ॅनोडला ही सोय नाही.