बाबांचं घड्याळ चोरीला गेलं, माझा अनुभव

सिंहगड रोडला मावसभावाचं लग्न होतं, हळदीचे हात धुवायला जाताना घड्याळ काढून बॅगेत टाकलं, बॅग खुर्चीवर, आणि परत आलो तर बॅग आहे पण घड्याळ नाही. काकांनी १९७० च्या आसपास मस्कतहून बाबांसाठी आणलेलं ओमेगा सीमास्टर. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

चौकीत पहिला प्रश्न, "हरवलं असं लिहू का?" मी दमलेलो, हो म्हणणारच होतो, पण बायकोने कोपर मारलं. हरवल्याचा दाखला पटकन मिळतो पण त्यावर तपास होत नाही आणि चोरीच्या क्लेमला तो चालत नाही. मग हद्दीचं सुरू झालं, लग्नाचं लॉन दुसऱ्या पोलीस स्टेशनकडे येतं म्हणे. १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्याच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो एफआयआर घ्यावीच लागते, हे मोबाईलवर दाखवल्यावर साहेब नरमले. बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता) ३०३, म्हणजे चोरीचं कलम लागलं, कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

खरा घोळ मी स्वतः घातला. जुन्या बिलावरचा १६६ ने सुरू होणारा नंबर सिरीयल नंबर म्हणून दिला. तो निघाला मॉडेलचा, तसल्या नंबरची घड्याळं जगात ढिगाने असणार! या जुन्या ओमेगाचा सिरीयल आत मशीनवर असतो, झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही. आता घड्याळच नाही तर उघडणार काय? शेवटी लक्ष्मी रोडच्या आमच्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याची भिंग कपाळावर सरकवून रेक्झिनचं जाडजूड रजिस्टर काढलं, थुंकी लावून पानं उलटली, आणि सर्व्हिसिंगच्या नोंदीत बाबांच्या नावापुढे आठ आकडे निळ्या पेन्सिलीने लिहिलेले! मी तिथेच खुर्ची ओढून बसलो. त्या पानाचा फोटो जोडून पुरवणी जबाब दिला, लंडनच्या द वॉच रजिस्टरवरही नंबर टाकला, जुनी घड्याळं घेणारे डीलर तिथे चेक करतात.

इन्शुरन्सवाल्यांना त्याच आठवड्यात मेल केला होता, तरी त्यांना 'अ समरी' हवी, म्हणजे चोरी खरी पण चोर सापडत नाही असा कोर्टाने मान्य केलेला रिपोर्ट. त्यासाठी शिवाजीनगर कोर्टाच्या चकरा चालू आहेत.

दर रविवारी जुन्या बाजारातही जातो. बायको म्हणते चोर काय तुझी वाट बघत बसलाय का तिथे. गेल्या रविवारी बाबा म्हणाले, मीपण येतो.