मे महिन्यात अमळनेरला कोको बटर मागवलं त्याची गोष्ट

चार दिवस मोबाइलवर एकच ओळ येत होती: ‘ग्राहक घरी उपलब्ध नाही.’ मी घरीच होते. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत दाराकडे कान लावून बसले होते, भाजी आणायलासुद्धा गेले नाही. आजही ती ओळ आठवली की डोकं तापतं.

पार्सलमध्ये किलोभर कोको बटर होतं, केरळहून मागवलेलं. भाचीच्या साखरपुड्याला मला खरंखुरं व्हाइट चॉकलेट करायचं होतं. केकच्या सामानाच्या दुकानात मिळते त्या लादीच्या पाकिटामागचं बारीक अक्षर एकदा वाचा: साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, दूध पावडर. समोर ‘कंपाउंड’ (म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं तेल) असं लिहिलेलंही असतं, आपण बघत नाही. कोकोच्या बिया भाजून, दळून, तो लगदा दाबला की घाण्यावर होतं तसंच होतं. एकीकडे फिकट पिवळी चरबी, दुसरीकडे तपकिरी पेंड. पेंडीची होते कोको पावडर. चरबी म्हणजे कोको बटर. व्हाइट चॉकलेटात पेंड अजिबात नसते. फक्त कोको बटर, साखर आणि दूध, म्हणून ते पांढरं. युरोप-अमेरिकेत किमान 20 टक्के कोको बटर असल्याशिवाय त्याला व्हाइट चॉकलेट हे नाव लावता येत नाही.

तर पार्सल. हेल्पलाइनवर फोन केला की ‘आपण रांगेत आहात’. तिसऱ्या दिवशी एक बाई बोलल्या, “मॅडम, आमचा माणूस तुमच्या दारी येऊन गेला.” कधी, विचारलं तर फोन कट. चौथ्या दिवशी भर दुपारी स्कूटर काढली आणि कुरिअरच्या ऑफिसात गेले. ऑफिस कसलं, पत्र्याची शेड. बाहेर 43 अंश, आत त्याहून जास्त. कोपऱ्यातल्या पोऱ्यानं मान वर न करता सांगितलं, “ताई, आज बी नही उनं.” आजही आलं नाही म्हणे. मी म्हटलं, मला गठ्ठे बघू दे. मग तो उठला. माझा खोका शटरला चिकटून पडलेला, अर्ध्यावर ऊन. खालचा पुठ्ठा तेलानं पिवळा झालेला. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणजे तोंडात टाकलं की पाणी होतं. त्या शेडमध्ये चार दिवस त्याचं काय होणार? पिशवीच्या कोपऱ्यातून पाव किलो तरी गळून गेलं होतं. तिथेच उभं राहून मी तीन फोटो काढले, रजिस्टरवर तारीख आणि वेळ लिहायला लावली. तेव्हाच हे केलं नसतं तर पुढची तक्रार कोणी घेतलीच नसती.

घरी आणून फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर पांढरे ठिपके, पोत रवाळ. वाटलं, नासलं. दोन दिवस उगाच जिवाला घोर. तेवढ्यानं ते नासत नाही. ही चरबी गोठताना तिचे कण वेगवेगळ्या तऱ्हांनी जुळतात. पुन्हा वितळवलं की ठिपके जातात. वास खवट नसेल तर बिनधास्त वापरा.

बाकी काम सोपं गेलं. इडलीच्या पिठाचा दगडी ग्राइंडर दोन दिवस उन्हात वाळवला, कारण पाण्याचा थेंब लागला तरी चॉकलेट घट्ट होऊन गोळा होतं. तीन भाग कोको बटर, चार भाग साखर, तीन भाग फुल क्रीम दूध पावडर. सोळा तास दळलं. नवव्या तासाला वीज गेली, दोन तास आलीच नाही. पण आमच्या उन्हाळ्यात मिश्रण पातळच राहिलं. जिभेला रवा लागेनासा झाला की थांबायचं.

टेम्परिंगला, म्हणजे चॉकलेट नीट चकचकीत गोठावं म्हणून ते ठरावीक अंशांवर गरम-गार करायला, मात्र कूलर चालत नाही, त्याची हवा ओलसर. बेडरूमचा एसी 20 वर लावून दार बंद केलं. 45 अंशांपर्यंत वितळवून, ढवळत ढवळत 26 पर्यंत खाली, मग 28 ला आणून साच्यात. वितळवताना 45 च्या वर तापवू नका. दूध आणि साखर करपतात, रंग पिवळट होतो. साचे कोरडे ठणठणीत हवेत, हे आधीच सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वडी साच्यातून आपोआप सुटली, चकचकीत, आणि मोडताना कट्कन आवाज आला. सासूबाईंनी तुकडा तोंडात धरला, बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “तुपासारखं इरघळलं गं.” मला त्या सोळा तासांचं चीज झाल्यासारखं वाटलं.

गळालेल्या पाव किलोचे पैसे अजून आले नाहीत. डिसेंबरात पुन्हा किलोभर मागवलं, पिशवी नको, बरणीत द्या असं विक्रेत्याला आधीच सांगून. मेसेज आला त्याच दिवशी शेडवर जाऊन मी स्वतः घेऊन आले. तुकडे एकमेकांवर खणखण वाजत होते.