बाटलीतलं पाणी

मागच्या मे महिन्यात दुपारी कूलर दुरुस्त करायला एक पोरगा आला होता. लातूरचं ऊन. गच्चीवरून खाली उतरला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. बायकोने फ्रिज उघडला आणि दारातली बाटली तशीच त्याच्या हातात दिली. पोराने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या विठोबाकडे पाहिलं, आणि हसू दाबत वरून धार धरली. बाटली चौकोनी खांद्यांची, तळाला जाड काच, आणि काचेतच व्हिस्कीच्या कंपनीचं नाव उठवलेलं. लेबल बायको गरम पाण्यात भिजवून काढते. उठवलेल्या अक्षरांचं काय करणार?

अशी एक बाटली बहुतेक घरांत असते. प्लास्टिकच्या पाण्याला वास येतो, स्टीलच्या बाटलीत किती उरलंय ते दिसत नाही, आणि एवढी चांगली काच भंगारात द्यायला जीव होत नाही. आमचे माळकरी मामा पंढरपूरहून येताना मुक्काम करतात तेव्हा ती बाटली मागे सरकते आणि तांब्या पुढे येतो. एकदा रात्री मामांनीच उठून फ्रिज उघडला. सकाळी म्हणाले, "पाणी लई गार हाय तुमच्याकडं." बाटलीबद्दल अवाक्षर नाही. त्यांना कळलं नाही, की कळून बोलले नाहीत, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

व्हिस्की म्हटलं की कुणाला कॉलेजचे मित्र आठवतात, कुणाला प्रेमभंग. मला पाणी आठवतं. कारण मी पिणारा झालो फार नंतर, आधी पाणक्या होतो.

आबाकाका पाटबंधारे खात्यात, मांजरा प्रकल्पावर. राहायला अंबाजोगाईत, जुन्या वाड्यात. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सगळी पोरं तिथे. दिवस कलला की माळवदावर पाणी शिंपडायचं. माती चर्र करून ते पिऊन टाकायची. मग सतरंजी पडायची, आणि काका कापडी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढायचे. त्या बाटलीवर घागरा घातलेला एक बाप्या काखेत पिशवी धरून काहीतरी फुंकत होता. बॅगपायपर. हा कोण, असं मी विचारलं तर काका म्हणाले, "तिकडला सनईवाला. आपल्याकडं लग्नात वाजवतेत, तिकडं लढाईत." मला ते उत्तर इतकं पटलं, की पुढे बरीच वर्षं स्कॉटलंड म्हणजे सनईवाल्यांचा देश.

माझं काम रांजणातून तांब्या भरून आणायचं. खाली जायचं, गाळून भरायचं, न सांडता अंधाऱ्या जिन्याने वर यायचं. उशीर झाला की वरून आवाज, "पाणी आणायलास का आड खांदायलास रे?" चखण्याची ताटली काकू करून द्यायची. शेंगदाण्याची चटणी वर कच्चं तेल घालून, उभा चिरलेला कांदा, खारे फुटाणे. पण ती वर कधी आली नाही. ताटली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवायची आणि मला हाक मारून खाली निघून जायची.

पाणी काका स्वतः घालायचे. ग्लास कंदिलासमोर धरायचे आणि तांब्याची धार अगदी बारीक सोडायचे. मी डोळे ग्लासाच्या बरोबरीला आणून बसायचो. व्हिस्कीत पाणी पडलं की आत पातळ, तेलकट दोरे वळवळतात. गोल फिरतात, एकमेकांत गुंततात, वरून खाली जातात, आणि बघता बघता नाहीसे होतात. नंतर सगळा ग्लास एकाच रंगाचा. दोरे विरेपर्यंत काका पहिला घोट घ्यायचे नाहीत. "मिसळू दे," म्हणायचे, जसं काही दोन भावांचं भांडण मिटायचं होतं.

पिताना बोलणं धरणाचंच. किती फूट पाणी आलं, कुठल्या आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळीला, कोण आमदार आडवा आला, सांडव्यावरून पाणी गेलं त्या रात्री कसे सगळे जागे होते. धरणात एका पातळीखालचं पाणी एरवी सोडायचं नसतं, त्याला मृतसाठा म्हणतात. बाटलीत दोन बोटं उरली की काका बूच लावायचे आणि जाहीर करायचे, "आता मृतसाठा राहिला. दारं बंद." सोबतीला बसलेले जोशी मास्तर ग्लास पुढे करून टँकर मंजूर करा म्हणायचे. काका ऐकायचे नाहीत. दोन पेगांवर तिसरा नाही, हा त्यांचा नियम.

रिकामी बाटली काकूच्या ताब्यात जायची. राख आणि वाळू घालून ती खळखळा हलवायची, उन्हात उलटी ठेवायची, वास गेला का ते नाक लावून बघायची. मग तीत रॉकेल, एरंडेल, कधी मध. देवघरातल्या समईचं तेलसुद्धा सनईवाल्याच्याच बाटलीत होतं.

पुढे औरंगाबादला शिकायला गेलो आणि परमिट रूम बघितल्या. या नावाची गंमत अशी, की आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. प्यायला परवाना लागतो, व्हिस्कीसारख्या कडक दारूला पंचवीस वर्षं पुरी लागतात, आणि एका दिवसाचा परवाना देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. ही विदेशी म्हणजे पुष्कळदा आपल्याच उसाच्या मळीचं स्पिरीट. युरोपात व्हिस्की धान्याचीच लागते, मळीच्या मालाला तिथे ते नाव लावता येत नाही. आमच्या लातूर-धाराशिवकडे जिकडे बघाल तिकडे साखर कारखान्याचं धुराडं. प्यायला पाणी नाही पण उसाला आहे, उसाची मळी आहे, मळीची दारू आहे, आणि तीत घालायला पुन्हा पाणी नाही. या चक्रावर रागावून लेख लिहिणारे पुष्कळ आहेत. ते बरोबरच लिहितात.

माझं खूळ वेगळं आहे. मला पाणी पारखल्याशिवाय ग्लास भरवत नाही. बोअरचं पाणी नको, आमच्याकडचं बोअर मचूळ, व्हिस्कीची चव जिभेच्या कडांना धरून ओढतं. जारचं पाणी चालतं, पण त्याला चवच नसते, त्यामुळे चूक कुणाची ते कळत नाही. माठातलं सगळ्यात चांगलं, माठ नवा नसेल तर. नव्या माठाचं पाणी घातलं की पहिल्या पावसात उभं राहून पितोय असं वाटतं, आणि ते वाटणं एका घोटापुरतंच बरं. सोडा मी घेत नाही. बर्फही नाही. आमच्या तरुणपणी बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली लादी, सुतळीने सायकलला बांधून आणलेली. ती ज्या पाण्याची असायची ते आठवलं की अजून पोट ढवळतं. मित्र म्हणतात, तू व्हिस्की पीत नाहीस, पाण्याची तपासणी करतोस.

हिशेबच करायचा तर त्यांचं खोटं नाही. आपल्याकडच्या बाटलीवर मद्य ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे बूच उघडायच्या आधीच निम्म्याहून जास्त पाणी. साठच्या पेगमध्ये एकशेवीस पाणी घातलं की ग्लासात मद्य उरलं चौदा-साडेचौदा टक्के. बाकी सगळा रांजणच.

दोन दिवाळ्यांमागे भाचा पुण्याहून सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच कारखान्यातली नुसत्या मोडाच्या जवाची व्हिस्की, घेऊन आला. अमृत. बंगळूरची, आणि २००४ साली पहिल्यांदा बाजारात आणली ती थेट ग्लासगोमध्ये, म्हणजे सनईवाल्यांच्या अंगणात. याला धाडस म्हणतात. भाच्याने बाटली फार मायेने ठेवली आणि मी माठाकडे वळलो तर किंचाळला, "मामा, पाणी नको! ही नुसतीच प्यायची असते." मी त्याला म्हटलं, बाबा, पिंपातून निघते तेव्हा ती याहून किती तरी कडक असते. बाटलीत भरताना कारखान्यात पाणी घालतातच, मग मी चार थेंब घातले तर कुणाचं काय गेलं? त्याने मोबाइलवर शोधलं आणि त्याला २०१७ चं स्वीडनमधलं एक संशोधन सापडलं: पाणी घातल्याने व्हिस्कीतला धुरकट वासाचा पदार्थ वरच्या थरात येतो, म्हणून वास जास्त खुलतो. भाच्याचा चेहरा पडला. मी मात्र आबाकाकांचा कंदील, तांब्या आणि बारीक धार आठवून उगाच छाती फुगवली. "मिसळू दे" म्हणणाऱ्या माणसाला स्वीडनची गरज नव्हती.

भाच्याने आणखी एक सांगितलं. स्कॉटलंडमध्ये व्हिस्की ओकच्या पिंपात निदान तीन वर्षं ठेवावी लागते, आणि दर वर्षी साधारण दोन टक्के उडून जाते. त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडच्या उष्म्यात हाच वाटा दहा टक्क्यांच्या वर जातो. मी म्हटलं, लातूरला पिंप ठेवलं तर देवदूत पिंपासकट नेतील.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, काकांचा मृतसाठाही संपला होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक गाडी बघायला गेले होते. मीही गेलो होतो. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचं पाणी साठ टक्क्यांपर्यंत कापायला सांगितलं. त्या दिवसांत आमच्या बैठकीत एक नवा रिवाज पडला: ज्याने त्याने बाटली नाही आणली तरी चालेल, पाणी आपापलं आणायचं. आमचे एक मित्र बँकेतून निवृत्त झालेले, कुणाच्या ग्लासात किती पाणी गेलं त्याची वहीच ठेवायचे. कोण किती प्यायलं याचा हिशेब नव्हता. हसायचो आम्ही. मग एका रात्री यजमानांची सून दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, सकाळी पोराच्या आंघोळीला एक कळशी ठेवा. कुणीच काही बोललं नाही. दोघांनी ग्लास तसेच खाली ठेवले.

आबाकाका ते वर्ष बघायला नव्हते. दोन पेगांचा नियम मी वर सांगितला तो आमच्या सुटीपुरता होता, हे मला काकूने सांगितलं, तेही फार उशिरा. एरवी मृतसाठाही निघायचा, आणि निवृत्तीनंतर सकाळचं आवर्तनही सुरू झालं होतं. यकृत गेलं. शेवटच्या महिन्यांत हातपाय काटक्यांसारखे आणि पोट तेवढं तट्ट. पोटात पाणी व्हायचं. दवाखान्यात नेऊन सुईने काढायचे, नळीखालची बाटली हळूहळू भरत जायची, पिवळसर, आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा तेवढंच. एकदा मी सोबत होतो. काका बाटलीकडे बघून म्हणाले, "किती आलं?" मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, रोजची पातळी टिपून घेताना हलवायचे तशी.

ते गेल्यावर काकूने घरातल्या सगळ्या बाटल्या भंगारवाल्याला दिल्या. एरंडेलाची, मधाची, समईच्या तेलाचीसुद्धा. आतलं तेल ओतून.

मी अजून पितो. महिन्यातून एखाद-दोनदा, माठातलं पाणी घालून. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर आपल्या राज्यात मतदान घेता येतं, उभी बाटली की आडवी बाटली. बायकांच्या मागणीवरून ते लागलं तर मत देतात बायकाच, आणि निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. पुरुषांना त्यात विचारत नाहीत. नकोच विचारायला.