एका मोबाइलवर अख्खी शाळा: सागरी जलतरणाच्या नोंदणीचा माझा अनुभव

कोकणातल्या सागरी जलतरण स्पर्धांसाठी ऑनलाइन नोंदणीची पानं तयार करणं हे माझं काम. स्पर्धा मालवणात असो वा रत्नागिरीत, सुरुवातीला एकच गोष्ट ठरवावी लागते: फॉर्म कोण भरणार? बरीचशी तयार सॉफ्टवेअर असं धरून चालतात की भरणारा आणि पाण्यात उतरणारा एकच. आपल्याकडे तसं क्वचितच असतं. क्रीडाशिक्षक शाळेतल्या मुलांची नावं भरतात, आत्या भाच्यांची भरते, मुंबईतला चाकरमानी काका गावातल्या पुतण्याची. फोन एक, नावं अनेक.

म्हणून मोबाइल नंबर ही स्पर्धकाची ओळख धरायची नाही. नंबर खात्याचा, म्हणजे भरणाऱ्याचा. त्या खात्याखाली हवे तेवढे स्पर्धक, आणि प्रत्येकाला स्वतंत्र चेस्ट नंबर, म्हणजे स्पर्धेतला क्रमांक. ‘हा नंबर आधीच वापरला आहे’ असा संदेश दुसऱ्या भावंडाच्या वेळी आला की आई तिथंच फॉर्म सोडते. ईमेल सक्तीचा नको, पासवर्ड तर नकोच, ओटीपी पुरतो.

ओटीपी मागण्याआधी मात्र तारीख, अंतरं, शुल्क, शेवटची मुदत आणि पैसे परत मिळण्याचा नियम एका पडद्यावर दिसायला हवा. नंबर दिल्याशिवाय शुल्क न दाखवणं मला अजिबात पटत नाही. पाहुण्याला उंबऱ्यावर उभं करून चौकशी करण्यासारखं आहे ते. हजेरीची वेळ लिहिताना ती भरती-ओहोटीवरून ठरली आहे हेही लिहावं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे स्पर्धा एक दिवस पुढे गेली तर वेळही बदलते. हे आधीच सांगितलं की ऐन वेळी येणारे फोन कमी होतात.

फॉर्ममध्ये सर्वांत जास्त घोळ जन्मतारखेचा. फोनचं कॅलेंडर आजच्या तारखेवर उघडतं आणि ४५ वर्षांच्या माणसाला महिना-महिना करत मागे जावं लागतं. त्यापेक्षा तीन चौकोन द्यावेत: दिवस, महिना, वर्ष. महिना नावानं निवडायचा, म्हणजे ०५/०६ हा मे की जून असा प्रश्नच राहत नाही. वयोगट विचारायचाच नाही. तारीख भरली की खाली लगेच ओळ यावी: ‘स्पर्धेच्या दिवशी वय १२ पूर्ण, गट १२ ते १४’. वय कोणत्या तारखेला मोजायचं हे आयोजकांकडून आधी लेखी घ्यावं. काही जण स्पर्धेचा दिवस धरतात, काही ३१ डिसेंबर, आणि पदक हुकलेल्या मुलाचे पालक नेमकं तेच विचारतात.

मराठी कीबोर्डवर बऱ्याचदा ९८ असे देवनागरी आकडे उमटतात आणि फॉर्म ‘चुकीचा नंबर’ म्हणतो. भरणाऱ्याला आपलं काय चुकलं ते कळतच नाही. दोन्ही लिपींतले आकडे स्वीकारून आत एकाच रूपात साठवणं हे प्रोग्रॅमरचं अगदी छोटं काम आहे. चूक दाखवणारा संदेशही नेमका हवा: ‘मोबाइल नंबर १० आकडी असतो, इथं ९ आकडे आलेत.’

आता रेंज. कित्येक वाड्यांत ती घाटी चढून वर गेल्यावर मिळते. शिवाय कमी रॅमच्या फोनवर ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलं की ब्राउझरचं पान बंद पडतं, आणि परत आल्यावर फॉर्म कोरा. म्हणून प्रत्येक रकाना भरताच तो फोनमध्येच साठवावा आणि पान पुन्हा उघडलं की ‘तिसऱ्या मुलापर्यंत भरलंय, पुढे चालू करा’ असं दिसावं. डॉक्टरांच्या दाखल्याचा फोटो अपलोड करायला लावायचा तर तो फोनमध्येच लहान करून, साधारण ३०० केबीपर्यंत आणून पाठवावा. कॅमेऱ्यातला ४ एमबीचा फोटो अशा रेंजमध्ये अर्ध्यावर अडकतो. आणि दाखला मागायचा तो पैसे भरल्यानंतर, ठरलेल्या मुदतीत. पहिल्याच पानावर दाखला मागितला तर डॉक्टरकडे जायचं राहिलं म्हणून नोंदणीही राहते.

पैशांच्या टप्प्यावर भरणाऱ्याला सर्वाधिक धास्ती वाटते. यूपीआयनं पैसे कापले गेले, पान मात्र ‘अयशस्वी’ म्हणतंय, म्हणून तो दुसऱ्यांदा भरतो. इथं ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण लगेच देऊ नये. ‘पैसे पोचले का ते बँकेकडून तपासत आहोत, तुमची जागा राखून ठेवली आहे’ असं पान दाखवावं आणि गेटवेकडून, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्या मधल्या यंत्रणेकडून, उत्तर येईपर्यंत ऑर्डर क्रमांक तोच ठेवावा. पैसे कापले गेले आणि व्यापाऱ्याला पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार ती रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. ही ओळ त्या पानावर लिहिली की लोक शांत होतात. दुसरी अडचण शिक्षकांची. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत मिळून ५,००० रुपयांची मर्यादा असते. वीस मुलांचं शुल्क एकदम भरताना व्यवहार नाकारला जातो, तेव्हा पाच-पाच मुलांचे गट करून, मर्यादेबाहेरचे गट २४ तासांनंतर किंवा दुसऱ्या फोनवरून भरण्याची सोय ठेवावी.

एसएमएसकडे आयोजकांचं लक्ष सर्वांत कमी असतं, आणि इथंच भाषेचा थेट हिशोब येतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्याहून लांब गेला की तो ६७-६७ च्या तुकड्यांत मोडतो आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. ‘नोंदणी’ डोळ्यांना तीन अक्षरी दिसते, मोजणीत सहा. ‘नोंदणी झाली. चेस्ट नं. १०४२. हजेरी स. ६, चिवला किनारा.’ हा मजकूर ५४ मध्ये बसतो, उरलेल्या १६ मध्ये आयोजकाचं छोटं नाव. शिवाय दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमांमुळे संदेशाचा नमुना डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी प्रणालीवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि मजकूर त्याच्याशी जुळला नाही तर मोबाइल कंपनी तो अडवते. म्हणून ‘स्पर्धा पुढे ढकलली, नवी वेळ अमुक’ हा नमुना पहिल्याच दिवशी मंजूर करून ठेवतो. समुद्र खवळल्यावर मंजुरीची वाट बघायला वेळ नसतो.

प्रमाणपत्रासाठी नाव देवनागरीत घ्यायचं असेल तर पीडीएफ आधी तपासावी. अक्षरजोडणी न कळणाऱ्या प्रणालीत ‘शिर्के’ लिहिलं की वेलांटी श च्या आधी न येता नंतर जाते आणि रफार सुटून र् वेगळा दिसतो. शिर्के, कुऱ्हाडे, मिठबावकर ही तीन आडनावं नीट उमटली तर बाकीचीही बहुतेक निभावतात.

मुलांच्या बाबतीत एक पथ्य कटाक्षानं पाळावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि त्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शिक्षकांनी नाव भरलं तरी पालकांच्या नंबरवर वेगळी लिंक जावी आणि संमती त्यांनीच द्यावी. आधार कार्डाचा फोटो साठवून घेऊ नये. वय पाहायला मूळ कागद स्पर्धेच्या दिवशी हजेरीच्या टेबलावर बघितला तरी काम होतं.

त्या टेबलाचीही तयारी नोंदणीच्या वेळीच करायची. नोंदणीनंतर मिळणाऱ्या पासचा क्यूआर कोड गॅलरीत चित्र म्हणून उतरवता आला पाहिजे, कारण किनाऱ्यावर हजारो फोन एकाच टॉवरवर आले की पान उघडत नाही. उन्हात काळवंडलेल्या पडद्यावरचा कोड स्कॅन होत नाही, त्यामुळे त्याखाली चेस्ट नंबर मोठ्या आकड्यांत छापावा. टेबलावरच्या फोनमध्ये यादी आदल्या रात्रीच उतरवून घ्यावी, आणि सोबत कागदी यादीच्या दोन प्रती: एक चेस्ट नंबरनुसार, दुसरी खात्याच्या मोबाइल नंबरनुसार. दुसरीमुळे वीस मुलं घेऊन आलेल्या शिक्षकांना त्यांचा सगळा गठ्ठा एकदम मिळतो.