सगळे ओळखीचेच, मग एवढे नियम कशाला?

आमच्या वस्तीतली वीसेक मुलं संध्याकाळी एकत्र जमतात. सगळ्यात धाकटा तीन वर्षांचा, सगळ्यात मोठी बारा वर्षांची. घरं मोजकी, त्यामुळे कोण कुणाचं हे कुणाला विचारावं लागत नाही. गेली १४ वर्षं मी या मुलांकडे बघते आहे आणि नव्यानं राहायला आलेले आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात: ‘इथे तर सगळे ओळखीचेच आहेत, मग मुलांसाठी एवढे नियम कशाला?’ परवा तुम्हीही विचारलंत. दारात उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

सगळे ओळखीचे आहेत, म्हणूनच नियम आहेत. अनोळखी ठिकाणी आपण मुलाचा हात आपोआप घट्ट धरतो. ओळखीच्या अंगणात पाऊल टाकलं की तो हात सुटतो, आणि सुटला हे आपल्या लक्षातही येत नाही.

हे मला एका दुपारी कळलं. सगळी वस्ती जमली होती. मोठी माणसं चौदा-पंधरा तरी असतील. एवढी माणसं आहेत, कुणाचं ना कुणाचं लक्ष असेलच, असं प्रत्येकाला वाटत होतं. तीन वर्षांचा एक मुलगा मागच्या बाजूला गेला आणि अर्ध्या भरलेल्या टबात डोक्यावर पडला. चेंडू शोधत तिकडे गेलेल्या सात वर्षांच्या मुलीला टबाबाहेर त्याचे पाय दिसले. तिनं त्याला शर्टाला धरून ओढून काढलं आणि मग ती किंचाळली. तो वाचला. आम्ही दहा पावलांवर बसलो होतो आणि त्याआधी कुणालाही काहीही ऐकू आलं नव्हतं.

ऐकू येतच नाही. बुडणारं मूल हाका मारत नाही. श्वासासाठीच धडपड चाललेली असते, ओरडायला दम उरत नाही. त्याला बुडायला विहीर लागत नाही, काही इंच पाणी पुरतं, कारण त्या वयात शरीराच्या मानानं डोकं जड असतं आणि तोल गेला की स्वतःला उचलून वर येता येत नाही. बुडण्याचा धोका सर्वात जास्त असतो तो १ ते ४ या वयात, म्हणजे नेमका ‘जरा इथेच खेळतोय’ म्हणायच्या वयात.

‘सगळ्यांचं लक्ष आहे’ हे वाक्य आम्ही त्या दिवसापासून बंद केलं. मुलं जमली की लक्ष कुणाचं, ते नाव ठरलेलं असतं. ज्याची पाळी असेल त्यानं फोन बाजूला ठेवायचा, गप्पांत रमायचं नाही, आणि वीस मिनिटांनी उठताना पुढच्या माणसाला ‘आता तुमच्याकडे’ असं तोंडानं सांगायचं. त्यानं ‘माझ्याकडे’ म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. टब, बादल्या वापरून झाल्या की पालथ्या. तुम्हाला हे फार वाटलं, मला दिसलं. पण मी ते पाय पाहिले आहेत.

लसीचं कार्ड मी का मागते, तेही विचारलंत. गोवराचं उदाहरण देते. आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही गोवराचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. अंगावर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून त्या मुलाकडून लागण होत असते, म्हणजे आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. संरक्षण नसलेली दहा माणसं जवळ आली, तर त्यातल्या नऊ जणांना तो होऊ शकतो. साथ रोखायला साधारण ९५ टक्के लोकांना संरक्षण असावं लागतं. लाखांच्या लोकसंख्येत हा आकडा लांबचा वाटतो. वीस मुलांत उरलेले पाच टक्के म्हणजे एक मूल. ती एक जागा मी राखून ठेवते. आमच्यात एक मुलगी होती, तिच्यावर असे उपचार चालू होते की तिला ती लस देताच येत नव्हती. इतरांच्या दंडात टोचलेल्या सुईवर ती दोन वर्षं खेळली. नुसत्या कंटाळ्यापायी कुणी ती जागा अडवली, तर मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

बाकी नियम साधे आहेत. जुलाब-उलट्या थांबल्यावर ४८ तास घरी. कांजिण्यांच्या शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घरी. आल्या आल्या साबणानं वीस सेकंद हात. पण नियम सोपा असला तरी पाळणाऱ्याचे हाल होतात. आईवडील तापाचं औषध देऊन मुलाला पाठवायचे आणि मी त्यांना बोलायची. पुढे कळलं की त्यांना कामावर सुट्टी मिळत नव्हती. मग आजारी मुलाजवळ दिवसा कोण बसू शकेल, त्यांची यादी केली. ओरडून जे झालं नव्हतं, ते त्या यादीनं केलं. ताप लपवायची गरजच उरली नाही.

आता जे बोलायला सगळ्यांना जड जातं, ते. लहान मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा माणूस बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचा असतो. घरातला, शेजारचा, ज्याच्यावर मुलाचा आणि आईवडिलांचाही विश्वास आहे असा. ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढंच शिकवून आपण थांबतो, तेव्हा मुलाला चुकीच्या दिशेला बघायला शिकवतो. म्हणून आमच्याकडे कुणीही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड बसत नाही. मीसुद्धा नाही. जवळ घेण्याआधी विचारायचं, आणि मूल नको म्हणालं तर आजोबांनीही हसून हात मागे घ्यायचा. एक आजोबा यावरून महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. त्यांच्या नातीनं त्यांना समजावलं, मला ते जमलं नसतं. मुलांना शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं शिकवा, कारण नाव माहीत नसेल तर सांगणार कसं? आणि गंमत व गुपित यांतला फरक शिकवा: वाढदिवसाची गंमत चार दिवसांनी सगळ्यांना कळणारच असते, ‘हे आईला कधीच सांगायचं नाही’ असं कुणी म्हटलं, तर ते त्याच दिवशी आईला सांगायचं.

आणि मूल काही सांगायला आलं, तर ऐकून घ्यायचं, विश्वास ठेवायचा, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणायचं. उलटतपासणी आपण करायची नाही. लहान वस्तीत लगेच सूर निघतो: आपसात मिटवू, माणूस तसा चांगला आहे, बाहेर गेलं तर दोन घरांचं तोंड तुटेल. तुटू दे. बाहेरची मदत घ्यायची, पोलिसांत जायचं. हे मिटवायचं प्रकरण नसतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र माझा जातो ‘मला खेळायला घेत नाहीत’ या तक्रारीवर. मोठ्या शाळेत एका टोळक्यानं घेतलं नाही तर दुसरं असतं. इथे एकच खेळ चाललेला असतो. त्यातून काढलं की मुलाला भिंतीशिवाय कुणी उरत नाही. एक अडखळत बोलणारा मुलगा होता. त्याच्यावर राज्य आलं की बाकीची त्याची नक्कल करायची. मी सगळ्यांना रांगेत उभं करून त्याची माफी मागायला लावली. दुसऱ्या दिवशी नक्कल थांबली आणि त्याच्याशी कुणी बोलेनासं झालं. रांगेसमोर उभा असताना तो खाली बघत होता. ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

२००१ साली कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानांवरच्या चित्रीकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. छळ चालू असताना बहुतेक वेळा इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली ती १९ टक्के वेळाच. आणि मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, छळ दहा सेकंदांत थांबला. हे वाचल्यावर मी चिडवणाऱ्याला सुधारण्याआधी बघणाऱ्यांकडे वळले. मुलांशी बोलून आम्ही वाक्यं तयार केली आणि नाटकासारखी पाठ केली. ‘पुरे, चल खेळूया.’ ‘ये, तू माझ्याकडून.’ धाकट्यांना कच्चा लिंबू करून का होईना, पण घ्यायचंच. वाक्य तोंडात तयार असलं की मुलाला धीर लागतो तो फक्त तोंड उघडण्याचा.

चांगुलपणाबद्दल चांदण्या देणारा तक्ताही मी काढून टाकला. २००८ साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २० महिन्यांच्या बाळांवर प्रयोग करून दाखवलं होतं की मदतीबद्दल खेळणं मिळालेली बाळं नंतर कमी मदत करतात. काहीच न मिळालेली करत राहतात. माझ्या तक्त्यासमोरही मुलं ‘मी मदत केली, लिहा’ म्हणत उभी राहायची, आणि ज्याला मदत केली तो मागे एकटाच असायचा.

सोमवारी तुमची मुलगी पहिल्यांदा येईल. येताना तिचं लसीचं कार्ड आणा, तिला कशाची ॲलर्जी आहे ते लिहून आणा, आणि तिला न्यायला कोण कोण येणार त्यांची नावंही. ती घाबरली की काय करते, रडते की गप्प होते, तेही सांगा. गप्प होणारी मुलं ओळखायला मला वेळ लागतो.