दिवाळीपर्यंत इथे नसेन

आज आईला घेऊन हरिपूरला गेले होते. कृष्णेला वारणा मिळते तिथल्या घाटावर बसून ती २०१९ च्या पुराचं सांगत होती. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा तिनं आधी काय उचललं, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. ती सांगायला लागली आणि माझा अंगठा फोनवर फिरत होता. ती मध्येच थांबली. "बघ तू आधी तुझं," एवढंच म्हणाली, न रागावता. नंतर कितीदा विनवलं, पण "राहू दे गं आता."

परत येताना रिक्षात मोहित्यांचे वडगाव आठवलं. आपल्याच सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं. तिथं २०२२ च्या १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि ८.३० पर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. मला त्या गावाचा फार आदर वाटतो. अख्खं गाव दीड तास फोन बाजूला ठेवू शकतं, मी आईसाठी अर्धा तास नाही?

म्हणून आज रात्री खातं डीअ‍ॅक्टिव्हेट करतेय. कायमचं डिलीट नाही, जुने फोटो आहेत इथे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी मी इथेच बघायचे. ४० फूट इशारा, ४५ धोका. ती आता शेजारच्या काकांना विचारेन. ज्यांच्याकडे नंबर आहे त्यांनी फोन करा, खरंच करा.

उद्या पुन्हा हरिपूर. फोन घरी ठेवून. आई हो म्हणालीय.