गोळी बरोबर होती, पिसू राहिली होती

ऐन गर्दीच्या वेळी एक ताई तणतणत आत आल्या, काखेत कुत्रीचं पाच महिन्यांचं पिल्लू आणि हातात एक छोटी प्लॅस्टिकची डबी, ती टेबलावर आपटलीच म्हणा ना. "डॉक्टर, मागच्या महिन्यात जंताची गोळी दिलीत, पंधरा-वीस दिवस बरं होतं, आता परत तेच. औषध बदला नाहीतर मी डॉक्टर बदलते!" असे तोंडावर बोलणारे लोक मला खरंतर परवडतात, गप्प बसून उपचार सोडून देणाऱ्यांपेक्षा.

डबीत तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे होते, शेपटीखालच्या केसांना चिकटलेले, बरेचसे वाळलेले पण एक ताजा होता. तो काचेवर ठेवला तर हळूच लांब झाला, मग आखडला, परत लांब झाला.. ताई दोन पावलं मागे. हा अख्खा जंत नाही, टेपवर्मच्या, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताच्या, अंगाचा एक तुकडा, अंड्यांनी ठासून भरलेला. थेंबभर पाणी टाकून दाबला आणि मायक्रोस्कोपखाली धरला तर बारक्या पिशव्या, एकेकीत दाटीवाटीने बसलेली अंडी. ताईंनाही दाखवलं. अंडी अशी तुकड्यातच अडकून बाहेर पडतात म्हणून नुसती शी तपासली तर रिपोर्ट बऱ्याचदा निगेटिव्ह येतो आणि लोक निवांत होतात.

या टेपवर्मचं नाव डायपिलिडियम. याची अंडी कुत्र्याने नुसती चाटली तर काही होत नाही, मधे पिसू लागतेच. पिसवेची अळी अंडी खाते, त्या अळीची मोठी पिसू होते, कुत्रं अंग चावताना ती गिळतं आणि दोन-तीन आठवड्यांत परत तुकडे सुरू. म्हणजे ताईंचे पंधरा-वीस दिवस बरोब्बर बसत होते. मागच्या गोळीतल्या प्राझिक्वांटेल या औषधाने जंत मरतो, आतड्यातच विरघळतो म्हणून शीत दिसतही नाही, पण ते औषध अंगात टिकून राहत नाही, दोन दिवसांनी नवी पिसू गिळली की झालं.

"पण पिसवा नाहीच आहेत, दर महिन्याला मानेवर थेंब टाकते मी." बारीक दातांची फणी फिरवली, पिसू एकही नाही, पण शेपटीच्या मुळाशी काळे कण निघाले. ओल्या टिश्यूवर ठेवले तर लालसर तपकिरी डाग पसरले. पिसवेची शी ती, पचलेलं रक्तच. म्हटलं घरात अजून कोण आहे? "कोणी नाही.. म्हणजे मांजर आहे, पण ती हिच्या जवळसुद्धा जात नाही." झोपतात कुठे? एकाच सोफ्यावर, फक्त वेगवेगळ्या वेळी!

मला हसू आलं, पण तेवढ्यात ताईंनी पर्समधून त्या थेंबांचं पाकीट काढलं, "मग यातलंच अर्धं मांजरीला टाकू का?" पाकिटावर परमेथ्रिन. हसू गेलं माझं. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराच्या शरीराला पचवता येत नाही, झटके येतात, जीवसुद्धा जातो. अर्धं नाही, पाव नाही, थेंबसुद्धा नाही. कुत्रीला लावलं की ते सुकेपर्यंत मांजर लांब, आणि सोफा एकच असेल तर मी ते औषधच बदलतो, तसं बदललंही.

बाकी मग गोळी दोघींना, वजनाप्रमाणे. अंथरुणं गरम पाण्यात, सोफ्याच्या फटींत व्हॅक्यूम, आणि पिसवांचं औषध निदान तीन महिने न चुकता, कारण कोषातली पिसू फवारणीला दाद देत नाही, महिनोन्महिने दबा धरून बसते. आणखी एक, लहान पिल्लांना जे पायरँटेलचं सिरप देतात ते गोल जंतांसाठी, टेपवर्मला त्याने काही होत नाही, तरी "डीवर्मिंग झालंय की" हे मी सारखं ऐकतो.

"मुलगा हिला कवटाळून झोपतो, त्याला होईल?" पिसू गिळली तरच, क्वचित होतं, औषधही आहे. मला काळजी कच्च्या मांसाची होती. मेंढीची कच्ची फुफ्फुसं, लिव्हर खाणाऱ्या कुत्र्यांत एकायनोकॉकस नावाचा दुसरा टेपवर्म होतो, जेमतेम काही मिलिमीटरचा, डोळ्याला सहज दिसत नाही, आणि त्याची अंडी पोटात गेली तर माणसाच्या लिव्हरमध्ये गाठी होतात. तसलं काही देत नव्हत्या, सुटलो.

मांजरीचं वजन विचारलं तर "असेल तीन-चार किलो." अंदाज नको म्हटलं, घेऊन या. संध्याकाळी आल्या, वजन भरलं पाच किलोच्या वर, आणि फणी एकदा फिरवली तर दोन जिवंत पिसवा टुणकन माझ्या बाहीवर.